मे महिन्यातला बर्फ : सोलापूरहून पहिल्यांदाच हिमालयात निघालेल्यांसाठी

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि व्हॉट्सअॅपवर बर्फाचे फोटो फिरायला लागतात. कुणी हिमाचलमधल्या सार पास ट्रेकचं बुकिंग करतं, कुणी हामटा, कुणी केदारकंठा. घरातली मोठी माणसं केदारनाथ नाहीतर गंगटोक-नथुला ठरवतात. मग प्रश्न सुरू होतात. थर्मल कुठून घेऊ, बूट कोणते चांगले, ऑक्सिजन कमी पडला तर काय. हिमस्खलनाबद्दल विचारणारा मात्र शंभरात एखादा. हिमस्खलन म्हटलं की आपल्याला सियाचेन आणि जानेवारीतली वादळं आठवतात. मे महिन्यात, निळ्याशार आकाशाखाली, घाम पुसत चालताना वरचा उतार सुटून अंगावर येऊ शकतो, हे सहसा मनातच येत नाही.

४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुलाला जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर हिमस्खलन झालं आणि सात पर्यटकांचा जीव गेला. वेळ दुपारी बाराच्या सुमाराची. ही माणसं गिर्यारोहक नव्हती. गाडीतून उतरून बर्फात खेळायला गेलेली, तुमच्या-माझ्यासारखीच होती. परवाने १३व्या मैलापर्यंतचे होते आणि दुर्घटना १५व्या मैलाजवळ घडली. एप्रिल महिना, दुपारची वेळ, आणि जिथे थांबू नये तिथे थांबणं. यातल्या महिन्यावर आपला इलाज नाही, पण बाकीच्या दोन गोष्टी आपल्या हातात असतात. पुढचं सगळं त्या दोन गोष्टींबद्दल आहे.

आधी बर्फाचं घड्याळ समजून घ्या

भर हिवाळ्यात मुख्य धोका असतो तो नव्याने पडलेल्या बर्फाच्या वजनाचा आणि वाऱ्याने रचलेल्या थरांचा. मार्च ते मे या काळात त्यात पाण्याची भर पडते. दिवसा ऊन लागलं की वरचा बर्फ वितळतो. ते पाणी खाली झिरपतं आणि बर्फाच्या कणांना एकमेकांशी धरून ठेवणारे सांधे सैल करतं. खाली एखादा जुना कडक थर, सपाट खडक किंवा आडवं पडलेलं गवत लागलं की पाणी तिथेच साचतं आणि वरचा सगळा ओला थर त्यावरून सरकायला मोकळा होतो. ताज्या, भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला शंभर किलोच्या आतबाहेर असतं; वसंतातला ओला बर्फ चारशे-पाचशे किलोपर्यंत जातो. त्यामुळे ओलं हिमस्खलन कोरड्यापेक्षा सावकाश येतं खरं, पण थांबलं की असं आवळून बसतं की आत अडकलेल्याला बोटसुद्धा हलवता येत नाही.

रात्री हे चक्र उलटं फिरतं. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर आकाशात टाकून देतो आणि गोठतो. हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी पृष्ठभाग कडक होऊ शकतो. पण ढग असतील तर ती उष्णता वर निसटत नाही. गच्चीवर झोपणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. निरभ्र रात्री पहाटे पहाटे चादर ओढून घ्यावी लागते आणि ढग दाटले की रात्रभर घामाच्या धारा. बर्फावरही हाच नियम चालतो. ढगाळ रात्रीनंतर सकाळी सहा वाजताही बर्फ काल दुपारी होता तितकाच सैल असू शकतो. 'आपण तर पहाटे निघालो होतो' हे मग कामाला येत नाही.

म्हणून मे महिन्यातल्या बर्फाला रोज दोनच प्रश्न विचारायचे. रात्री नीट गोठलास का? आणि आता ऊन लागून किती वेळ झाला?

बुकिंग करण्यापूर्वी

ट्रेक नेणाऱ्या संस्थेला फोन करा आणि जेवणाच्या मेनूआधी हे विचारा. खिंड ओलांडायच्या दिवशी कॅम्पवरून किती वाजता निघणार? किती वाजेपर्यंत माथा गाठला नाही तर परत फिरणार? आदल्या दोन दिवसांत बर्फ पडला तर मुक्काम वाढवणार का, की तारखेप्रमाणेच पुढे नेणार? बरोबर फावडी आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी, असणार का? ट्रान्सीव्हर देणार का?

ट्रान्सीव्हर हे छातीवर बांधायचं छोटं यंत्र. त्यातून सतत रेडिओ संदेश जात असतो आणि गाडल्या गेलेल्या माणसाची जागा दुसऱ्याच्या यंत्रावर सापडते. जगभर त्यासाठी ४५७ किलोहर्ट्झ ही एकच लहर ठरलेली आहे, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं यंत्र दुसऱ्याशी बोलतं. आपल्याकडच्या उन्हाळी ट्रेकना बहुतेक वेळा ते नसतं. नाही म्हणाले तर लगेच बुकिंग रद्द करा असं मी म्हणणार नाही. मात्र मग धोक्याच्या उताराजवळ जायचंच नाही, एवढी शिस्त त्या संस्थेत हवी. वरच्या प्रश्नांना 'काही होत नाही साहेब, रोज ग्रुप जातात' असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी केलेली बरी.

घरून सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारं उपकरण घेऊन जायची कल्पना कुणी सुचवली तर थांबा. परवानगीशिवाय ते बाळगणं भारतात गुन्हा आहे आणि विमानतळावरच अडकाल.

घरबसल्या करायचा सराव

पहिला सराव उताराच्या कोनाचा. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून तीव्र उतारावर बर्फ फार साठत नाही, त्याहून सौम्य उतारावर सहसा सुटत नाही, पण वरून सुटलेला तिथपर्यंत येतो. चांगला ओला झालेला बर्फ तर तीसच्या आतल्या उतारावरूनही वाहत येतो. आता फोनमधलं कोन मोजायचं अॅप उघडा. जिन्याच्या दोन-तीन पायऱ्यांच्या कडांवर एक सरळ काठी टेकवा आणि फोन तिच्यावर ठेवा. पायरीची उंची सात इंच आणि रुंदी दहा इंच असेल तर ३५ अंश दिसतील. रोज भाजीची पिशवी घेऊन आपण चढतो तो जिना नेमका हिमस्खलनाच्या पट्ट्यात बसतो. वर गेल्यावर तीस अंशांचा उतार 'भयंकर' वाटत नाही, उलट घसरगुंडीला मस्त वाटतो, म्हणून ही सवय इथेच लावून घ्यायची. दहा-बारा वेगवेगळे जिने मोजा. तुळजापूरच्या घाटात फिरायला गेलात तर तिथले उतार मोजा. नजर तयार होते.

दुसरा सराव दिशेचा. सकाळचं ऊन आधी पूर्वेकडे तोंड केलेल्या उतारांना लागतं, मग दक्षिणेच्या, दुपारनंतर पश्चिमेच्या. धोकाही त्याच क्रमाने फिरतो. उत्तरेचे उतार हिवाळ्यात सावलीत असतात, पण मे महिन्यात त्यावर विसंबू नका. सोलापुरात मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो, आपली शून्य सावली तेव्हाच असते. त्याच दिवशी हिमाचलमध्ये दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ७६ अंश वर असतो. इतक्या उंचावरून तो उत्तरेच्या उतारांनाही सोडत नाही.

तिसरी गोष्ट आकडेमोड. ट्रेकच्या माहितीपत्रकात उंची फुटांत असते, हवामानाच्या इशाऱ्यात मीटरमध्ये. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, सार पासचे १३,८०० फूट म्हणजे साधारण ४,२०० मीटर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. फोनवर दिसतं ते पायथ्याच्या कसोल गावाचं तापमान, आणि कसोल आहे सुमारे १,६०० मीटरवर. फरक २,६०० मीटरचा, म्हणजे सतरा अंश. कसोलला रात्री दहा अंश असतील तर खिंडीत उणे सात, बर्फ चांगला गोठणार. कसोललाच अठरा अंश आणि वर ढग असले तर खिंडीत शून्याच्या आसपास. त्या दिवशी दबकूनच राहायचं. हा ठोकताळा आहे, हवामानशास्त्र नव्हे, पण 'वर खूप थंडी असते' या माहितीपेक्षा बरा.

बेस कॅम्पवर

भारतात हिमस्खलनाचे इशारे चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची प्रयोगशाळा देते. मनालीची जुनी 'सासे' संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. राज्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणं हे इशारे पुढे पोचवतात. 'अमुक जिल्ह्यात इतक्या मीटरच्या वर पुढच्या २४ तासांत' अशी त्यांची भाषा असते. पण इशारा जिल्ह्याचा असतो, तुम्ही ओलांडणार त्या उताराचा नसतो. धोक्याच्या पाच पायऱ्यांमधली तिसरी ऐकून 'मध्यमच आहे की' असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, युरोपात सर्वाधिक मृत्यू याच तिसऱ्या पायरीच्या दिवशी होतात. चौथ्या-पाचव्याला लोक घरात बसतात.

पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणारं वादळ, येऊन गेला असेल तर नवा बर्फ किती पडला ते गाइडला विचारा. एप्रिल-मेमध्ये वर चांगला फूट-दीड फूट बर्फ पडू शकतो. त्यानंतर आकाश उघडतं आणि सगळा ग्रुप खूश होतो. नेमका तोच दिवस वाईट. नव्या बर्फावर पडणारं पहिलं कडक ऊन उतार मोकळे करतं. एक-दोन दिवस थांबावं, कंटाळा आला तर पत्ते खेळावे. पावसाचंही तेच. बर्फावर पाऊस पडायला लागला तर त्या दिवशी तीव्र उतारांचं नाव काढू नका.

आदली रात्र आणि पहाट

झोपायच्या आधी तंबूबाहेर येऊन आकाश पाहा. चांदण्या दिसताहेत का? रात्री लघवीला उठाल, उंचीवर सगळेच उठतात, तेव्हा पुन्हा पाहा.

निघायची वेळ अंधारातलीच ठेवा. सार पासला नगारूच्या कॅम्पवरून पहाटे तीन-चारला का उठवतात, यावर दर वर्षी नवे लोक कुरकुरतात. सकाळी उतरणीला लागता यावं म्हणून उठवतात. नाश्ता होईपर्यंत थांबायची गरज नाही. घरून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खिशात असली की चालता चालता पोट भरतं. कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते आणि थंडीत चॉकलेटसारखी दाताला झुंजवत नाही. (ती आधीच कडक असते, त्यामुळे फरक पडत नाही!)

कॅम्पबाहेरच्या पहिल्या बर्फावर गाइड काय करतो ते पाहा. चांगला गाइड काठीचं टोक आपटतो. 'टक्' असा कोरडा आवाज आला, काठी उसळली, बुटाच्या टाचेने जोर लावूनही जेमतेम खाच पडली, तर रात्रीने आपलं काम केलंय. पण नुसत्या वरच्या पापुद्र्याला फसू नका. कधी बोटभर जाडीची कडक साय असते आणि खाली सगळा चिखल. टाच दोन-तीनदा आपटा. साय फुटून पाय घोट्यापर्यंत आत गेला तर गाइडला सरळ विचारा, 'भैयाजी, रात को जमा नहीं क्या?' त्याला प्रश्न कळतो, आणि प्रश्न विचारणारा माणूस ग्रुपमध्ये आहे हेही कळतं. पहाडी गाइडांना एकेरीत हाका मारू नका. जीव त्यांच्या हातात देतोय, निदान 'जी' तरी लावा.

चालताना डोळे कुठे ठेवायचे

ऊन लागल्यावर पहिली खूण म्हणजे खडकांच्या आणि झाडांच्या बुडाशी सुटून घरंगळत येणारे बर्फाचे छोटे गोळे. आधी लिंबाएवढे, मागे रेघ सोडत येणारे. ते वाढत चालले, मोठे होत गेले, की उतार बोलायला लागला असं समजा. दुसरी खूण पायाखाली. बूट घोट्यापर्यंत जायला लागला तर वेग वाढवून तीव्र उताराखालून बाहेर पडा. गुडघ्यापर्यंत जायला लागला तर त्या दिवसाचं घड्याळ संपलं.

आसपास ताजं हिमस्खलन झालेलं दिसलं तर त्याच दिशेचे आणि त्याच उंचीवरचे बाकीचे उतारही तयार आहेत असं धरा. पाय टाकल्यावर खालून दबका 'हुप्प' असा आवाज आला किंवा पावलापासून भेग पळत गेली तर जागीच थांबा आणि आल्या वाटेने मागे या. त्यावर चर्चा नको.

धारेच्या कडेला वाऱ्याने पुढे आलेला बर्फाचा छज्जा असतो, गाइड त्याला कॉर्निस म्हणतात. दुपारी तो लोंबायला लागतो. त्याच्या खाली थांबायचं नाही आणि वर जाऊन सेल्फीही नाही. धारेवर बर्फ दिसतो तिथे खाली जमीन असेलच असं नाही. बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, कधी बर्फात आडवी रुंद भेग उघडलेली दिसते आणि तिच्यातून खालची माती दिसते. तो सगळा थर जमिनीवरून हळूहळू सरकतोय. तो कधी सुटेल सांगता येत नाही, रात्रीही सुटतो, तिथे पहाटेचा नियम लागू नाही. अशा उताराखाली डबा उघडून बसू नका.

सह्याद्रीत आपण नाळेतून, म्हणजे दोन सोंडांमधल्या अरुंद घळीतून, चढतो, कारण वाट तिथेच असते. बर्फात नाळ ही सगळ्यात वाईट जागा. वरचं सगळं तिच्यातच येतं आणि थोडासा बर्फही तिच्यात खोल साठतो. सोंडेवरून जायला अर्धा तास जास्त लागला तरी सोंड बरी.

उतार ओलांडायचाच असेल तर

एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांनी सुरक्षित जागी, म्हणजे सोंडेवर किंवा मोठ्या खडकाआड, थांबून त्याच्याकडे बघायचं, फोनकडे नाही. काठीच्या दोऱ्यांतून मनगटं काढा, मोठ्या सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, जॅकेटची चेन आणि टोपी लावा. मधे थांबू नका, दम लागला तरी पलीकडे जाऊन घ्या. आपल्या लोकांना हे जड जातं. गप्पा मारत, हातात हात घालून, पंधरा जणांची रांग उताराच्या मधोमध उभी राहते आणि कुणीतरी 'एक मिनिट, फोटो' म्हणतं. पंधरा जणांचं वजन एका जागी देणं आणि पंधराच्या पंधरा जण एकदम धोक्यात घालणं, दोन्ही तिथे होतं.

घसरगुंडीबद्दल. सार पासच्या बिस्केरीकडच्या उतरणीवर बसून घसरत यायची मजा खरीच आहे. गाइडने आखून दिलेल्या रेषेतच, पुढचा माणूस बाजूला झाल्यावर, आणि सकाळी. दुपारी पुन्हा वर चढून 'अजून एकदा' नको.

ओढ्यावरचे बर्फाचे पूलही दुपारी खालून पोकळ झालेले असतात. खाली पाण्याचा आवाज येत असेल तर गाइड जाईल तिथूनच जा.

आलंच तर

ओरडा, म्हणजे बाकीचे तुमच्याकडे बघतील. काठ्या सोडा. बाजूला निसटायचा प्रयत्न करा. वाहून गेलात तर वर राहण्यासाठी हातपाय मारा आणि वेग मंदावतोय असं वाटताच एक हात तोंडासमोर आणा. श्वासाला थोडी पोकळी राहिली तर तीच जीव वाचवते.

बाहेर असलेल्यांचं काम जास्त मोठं आहे. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने उतरते. मदतीचं पथक इतक्या वेळात कधीच पोचत नाही. म्हणून सगळ्यांनी खाली पळायचं नाही. तो शेवटचा दिसला ती जागा लक्षात ठेवा, तिथे काठी रोवा. वरून आणखी काही येत नाही ना, यावर एकाने नजर ठेवायची. बाकीच्यांनी त्या जागेच्या खालच्या बाजूला हातमोजा, सॅक, बूट काही वर दिसतंय का ते शोधायचं. ट्रान्सीव्हर असतील तर सगळ्यांनी ते शोधण्याच्या स्थितीत आणायचे. सापडलं की उताराच्या खालच्या बाजूने खणत आत शिरायचं, थेट वरून खड्डा घ्यायचा नाही. आधी तोंड आणि नाक मोकळं करा, छातीवरचा बर्फ काढा, श्वास नसेल तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करा. रेंज मिळाली तर ११२. हे सगळं वाचून जमत नाही. गाइडला कॅम्पवर एकदा करून दाखवायला सांगा. एक सॅक पुरा आणि शोधा, अर्धा तास लागेल. ही आवड वाढली तर उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग इथल्या गिर्यारोहण संस्थांचे साधारण चार आठवड्यांचे प्राथमिक कोर्स आहेत. मात्र कोर्स केल्याने बर्फ ओळख देत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेच्याच तुकडीवर हिमस्खलन आलं आणि प्रशिक्षक, प्रशिक्षणार्थी मिळून २९ जणांचा बळी गेला.

यात्रेला आणि गाडीने जाणाऱ्यांनी

केदारनाथच्या पायवाटेवर कुबेर गदेरा, भैरव गदेरा असे नाले आहेत. मे महिन्यात त्यांच्यात बर्फ साठलेला असतो आणि वरून आणखी येऊ शकतो. वाट बर्फ कापून केलेली असते, दोन्ही बाजूंना भिंती, त्यामुळे सगळे तिथेच फोटोला थांबतात. तिथे थांबू नका, आईवडिलांना पाणी पाजायचं असेल तर नाला ओलांडून पाजा. पोलिसांनी किंवा एसडीआरएफने (राज्याच्या आपत्ती प्रतिसाद दलाने) अडवलं तर 'आम्ही सोलापूरहून आलोय, एवढ्या लांबून' हे सांगून उपयोग नाही, सांगूही नका.

गाडीतून जाताना 'हिमस्खलन क्षेत्र, थांबू नये' असे फलक दिसले की ड्रायव्हरला थांबवू नका. बर्फात खेळायचं तर उतारापासून लांब, सपाटीवर आणि सकाळी.

परतीचं तिकीट

ट्रेक संपतो त्याच रात्री दिल्लीला पोचून दुसऱ्या दिवशीची कर्नाटक एक्स्प्रेस पकडायची, असं वेळापत्रक आपण हौसेने बसवतो. मग वर बर्फ पडला आणि गाइड 'आज थांबू' म्हणाला की ग्रुपमधले चार जण तिकिटाचं कारण सांगून त्याच्या मागे लागतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तेव्हाच परतीच्या तारखेत दोन दिवस मोकळे ठेवा. ऑफिसात रजाही तेवढीच जास्त टाका. दोन दिवस उरलेच तर मनालीत काढा, नाहीतर दिल्लीत.